चार ओळींची बातमी



आमच्या गावच्या स्टँडवर सकाळच्या पहिल्या एस.टी.नं वर्तमानपत्रांचा गठ्ठा येतो. समोरच्या केशकर्तनालयात तो सुटतो आणि एकेक पान वेगवेगळ्या हातांत जातं. दाढीला बसलेल्या माणसाला काही वाचता येत नाही, म्हणून बाकावरचा कुणीतरी त्याला वाचून दाखवतो. गंमत अशी, की पहिलं पान कुणी मोठ्यानं वाचत नाही. मुंबई-दिल्लीला काय झालं ते आदल्या रात्रीच मोबाईलवर समजलेलं असतं. मोठ्यानं वाचली जाते ती आतल्या पानाच्या कोपऱ्यातली चार ओळींची बातमी. कुठे म्हैस विहिरीत पडली आणि गावानं दोर लावून ती वर काढली. कुठे नवरदेव लग्नाला बैलगाडीतून आला. वाचणारा वाचतो, ऐकणारे हसतात, दुकानाचे मालकही वस्तरा हवेतच धरून क्षणभर थांबतात. “घ्या! काय एकेक लोक असतात!” असं कुणीतरी म्हणतं आणि दाढी पुढं सुरू होते.

मीही हसणाऱ्यांतलाच. पण मला एक खोड आहे. अशा बातम्यांची कात्रणं मी वहीत चिकटवून ठेवतो. वीस वर्षं झाली. घरात त्या वहीला ‘सरांची रद्दी’ असं नाव पडलं आहे. दिवाळीच्या साफसफाईत ती दरवर्षी रद्दीवाल्याच्या तराजूपर्यंत जाते आणि दरवर्षी मी ती परत आणतो. आज त्या वहीतली पाच-सहा पानं तुमच्यापुढं उघडावीत असं मनात आहे. तुमची थोडी करमणूक होईल. पण सांगायचं कारण निराळं आहे. यातल्या एका कात्रणानं मला भर वर्गात खाली मान घालायला लावली होती. ते कात्रण मी शेवटी ठेवलं आहे.

पहिलं पान हसण्याचं. बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथं धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांची माळ घालतात, रंग उधळीत गावभर मिरवतात आणि शेवटी नव्या कपड्यांचा आहेर करून त्याचा मान राखतात. ही चाल कित्येक वर्षांची आहे. धुळवड जवळ आली की गावचे जावई म्हणे कुठंकुठं दडून बसतात, आणि गावकरी त्यांना शोधून काढतात! दरवर्षी ही बातमी येते, फोटोसकट येते, आणि दरवर्षी आपण हसतो. हसावंच. यात कुणाचं काही बिघडत नाही. तो जावईही हसतच असतो.

पण मंडळी, हसून झाल्यावर जरा विचार करा. जावयाला एक दिवस गाढवावर बसवलं ही बातमी झाली. बाकीचं वर्षभर आपण त्याच जावयाला पाटावर बसवतो, अधिक महिना आला की तेहतीस अनारशांचं वाण देतो, त्याचा रुसवा काढता काढता सासऱ्याच्या नाकी नऊ येतात. त्याची बातमी कधी आली आहे का? नाही. कारण ते रोजचंच. तेव्हा विड्याच्या बातमीत जो हशा आहे तो गाढवामुळं येत नाही. वर्षभराच्या मानपानामुळं येतो. तो मानपान ठाऊक नसलेल्या परक्या माणसाला ही बातमी वाचून दाखवा, त्याला त्यात काहीच मौज वाटणार नाही.

मला या वहीनं जे शिकवलं ते एवढंच. बातमी होते ती एका दिवसाची गोष्ट. तिच्या पाठीमागं उरलेल्या सगळ्या दिवसांची एक गोष्ट असते आणि ती छापलेली नसते. ती आपण वाचायची असते.

आता दुसरं पान. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. शाळेच्या सहली तिथं जातात. फार पूर्वी आकाशातून आलेला अशनी काळ्या पाषाणावर आदळला आणि ते विवर झालं. तोंडाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंद. त्यातलं पाणी खारं. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागलं. ते दिवस टाळेबंदीचे. माणसं घरात कोंडलेली, हातात मोबाईल. मग काय विचारता! कुणी म्हणालं अवकृपा, कुणी म्हणालं शुभशकुन, कुणी म्हणालं कारखान्याचं पाणी सोडलं असेल. आमच्याकडंही लोकांनी त्याचे फोटो एकमेकांना पाठवले आणि प्रत्येकानं आपापला अर्थ लावला.

शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनंही तपासलं. निष्कर्ष निघाला तो असा. उन्हाळ्यात पाणी आटलं, त्यामुळं खारटपणा वाढला. खारट पाण्यातच फोफावणारे काही अतिसूक्ष्म जीव असतात, त्यांना ती परिस्थिती मानवली. ते वाढले, आणि त्यांच्या अंगचा गुलाबी रंग पाण्याला चढला. पाऊस पडला, खारटपणा उतरला, रंगही उतरला. म्हणजे पाहा, कुणी बाहेरून रंग आणून ओतला नव्हता. कारण त्या पाण्यातच होतं. पाणी कमी झालं तेव्हा ते डोळ्यांना दिसलं.

ही बातमी मी वहीत चिकटवली तेव्हा ती केवळ शास्त्राची गोष्ट म्हणून चिकटवली. पुढची पानं उलटताना तिची वारंवार आठवण होते. गावोगावच्या बातम्याही अशाच असतात. एक दिवस रंग दिसतो आणि आपल्याला वाटतं, हे नवीनच काहीतरी! कारण मात्र पाण्यात आधीपासून मुरलेलं असतं.

तिसरं पान ठाणे जिल्ह्यातलं. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहानसं गाव आहे. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, तिथं एक शाळा सुरू झाली, ‘आजीबाईंची शाळा’. विद्यार्थिनी साठीच्या, सत्तरीच्या, काही त्याहून थोर. गणवेश म्हणजे गुलाबी नऊवारी लुगडं. पाठीवर दप्तर, हातात पाटी. दुपारची घरची कामं उरकली की आजीबाई ओळीनं शाळेला निघायच्या. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही खटपट. गावात पोथीवाचन चाललं असताना, आपल्यालाही हे वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असा विषय म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून निघाला, त्यातून शाळेची कल्पना पुढं आली. देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले. नातू आजीला अभ्यास घालतो, गृहपाठ तपासतो, हे वाचून कुणाला गहिवरून येणार नाही?

मलाही आलं. पण मग मी मघाचाच प्रश्न विचारला. सत्तराव्या वर्षी आजी शाळेत गेली ही बातमी झाली. सहाव्या वर्षी ती शाळेत गेली नाही, ही बातमी कुठल्या पानावर आली होती? कुठंच नाही. तेव्हा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसली असेल, शेण गोळा करीत असेल, नाहीतर खांद्यावर पदर येऊन सासरी गेली असेल. गावात शेकडो मुली तशाच. त्यात बातमी कसली? पासष्ट वर्षं जे नीट चालत आलं असं सगळ्यांना वाटलं, त्याचा अर्थ एका गुलाबी लुगड्यानं एका दिवसात दाखवून दिला.

शिक्षक मंडळींना एक विनंती. ही बातमी मुलांना अवश्य सांगा. पण सांगून झाल्यावर मुलांना घरी जाऊन आजीला एक प्रश्न विचारायला सांगा, “आजी, तू किती शिकलीस? शाळा का सुटली?” बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्गात जी उत्तरं येतील ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

चौथं पान सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास त्या गावानं एक नेम सुरू केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की घरोघरचे टी.व्ही. बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर चार शब्द बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा, की सुटका. सुरुवातीला लोक हसले. सरपंच विजय मोहिते आणि गावातले शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरले, समजूत घातली. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली होती. शाळा उघडली तरी मुलांच्या हातातला मोबाईल काही सुटेना, ही त्यांची तक्रार होती. बातमी देशभर गेली. ‘दीड तास टी.व्ही. बंद ठेवणारं गाव!’

आमच्या केशकर्तनालयात ही बातमी वाचली गेली तेव्हा बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या घरी भोंगा वाजवून काय उपयोग? टी.व्ही.च्या आवाजात तो ऐकू यायचा नाही!” सगळे हसले. हसले खरे, पण पुढं कुणी काही बोललं नाही. कारण हसता हसता प्रत्येकाला आपापलं घर दिसलं असावं. दीड तास घरातली माणसं एकमेकांशी बोलली, याची बातमी होते, तर मग रोज संध्याकाळी आपल्या घरात काय चाललेलं असतं? मी स्वतः त्या रात्री घरी गेलो, जेवताना मोबाईल बाजूला ठेवला. कबूल करतो, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा ताटाशेजारी आला. नेम एकट्यानं पाळणं कठीण. गावानं मिळून भोंगा लावला त्यातलं शहाणपण मला त्या तिसऱ्या दिवशी कळलं.

पाचवं पान जरा सावकाश उलटतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. ४ मे २०२२ रोजी त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, पायांतली जोडवी काढणं हे आमच्या गावात यापुढं बंद. सरपंच होते सुरगोंडा पाटील. ते वर्ष राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं होतं. महामारीत किती तरुण संसार मोडले ते सर्वांनी नुकतंच पाहिलेलं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करण्याचं आवाहन केलं. मग आणखी गावांनी तसे ठराव केले.

‘विधवा प्रथा बंद करणारं गाव’ असा मथळा आला. लोकांना नवल वाटलं. नवल कशाचं वाटलं? बांगड्या न फोडण्याचं! ज्या बाईवर डोंगर कोसळला आहे तिला अंगणात बसवून, तिच्याच जाऊबाया-नणंदांच्या हातून तिच्या बांगड्या फोडायच्या, हे पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव चाललं. त्याचं मात्र आपल्याला नवल वाटलं नाही. अशा प्रसंगी पुष्कळदा मी अंगणाबाहेर पुरुषांच्या घोळक्यात उभा राहिलो आहे. आतला आवाज ऐकला आहे. एम. ए. झालेला माणूस मी; रूढी आणि सुधारणा या विषयावर वर्गात तासन्‌तास बोलतो. तिथं मात्र तोंड उघडलं नाही. कुणीच उघडत नव्हतं, म्हणून मीही नाही.

ठराव झाला म्हणजे एका रात्रीत सगळं बदललं, असं मी म्हणत नाही. ठराव कागदावर असतो, चाल माणसांच्या मनात असते. पण ठरावानं एक झालं. ज्या बाईला मनातून ते नको होतं आणि ज्या दिराला बोलायचा धीर होत नव्हता, त्यांच्या हाती एक आधार आला. “गावानंच ठरवलंय” असं म्हणता येऊ लागलं. श्रोते हो, खेड्यात या दोन शब्दांचं वजन किती असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता शेवटचं पान. हे माझ्या स्वतःच्या जिल्ह्यातलं, साताऱ्याचं.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक समारंभ झाला. जिल्ह्यातल्या २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. जुनं नाव बहुतेकींचं एकच, नकुसा किंवा नकोशी. अर्थ सांगायला नको. ओळीनं मुली झाल्या, आता तरी मुलगा व्हावा म्हणून शेवटच्या मुलीचं नाव नकोशी ठेवायचं, म्हणजे देव ऐकतो आणि पुढं मुलगा देतो, असा समज. आरोग्य खात्याच्या लोकांनी आणि कार्यकर्त्यांनी या मुली शोधून काढल्या. समारंभात प्रत्येकीला तिच्या नव्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. ही बातमीही जगभर छापली गेली. परदेशातल्या माणसाला वाटलं असेल, काय विचित्र देश आहे! मुलीचं नाव ‘नकोशी’!

आपल्याला मात्र विचित्र वाटलं नव्हतं. माझ्या लहानपणी, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, माझ्या वर्गातही एक नकोशी होती. गुरुजी हजेरी घ्यायचे. सुनंदा, हजर. शालन, हजर. नकोशी, हजर. रोज सकाळी ती मुलगी आपण नकोशी आहोत असं ऐकायची आणि ‘हजर’ म्हणायची. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी ही नावंही वर्गात होतीच. तीही वाईटच नावं, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढं पुष्कळ वर्षांनी मला त्यातला फरक उमगला. दगडू, धोंडू ही नावं का ठेवत? तर आधीची मुलं दगावलेली असायची. हे तरी जगावं, याला कुणाची दृष्ट लागू नये, काळानं ‘हा तर नुसता दगड’ म्हणून याच्याकडं दुर्लक्ष करावं, म्हणून. म्हणजे मुलगा हवासा, फार हवासा, म्हणून त्याला वाईट नाव. आणि मुलीला वाईट नाव ते ती खरोखरच नको, म्हणून. एकाच हजेरीपटावर दोन्ही नावं शेजारी शेजारी, आणि त्यांच्यात हे एवढं अंतर! गुरुजींना ते दिसलं नाही, आम्हाला दिसलं नाही. रोज ऐकायची सवय झाली की कान बधिर होतात.

हा प्रश्न केवळ नावापुरता नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. गर्भलिंगतपासणीवर महाराष्ट्रानं १९८८ साली कायद्यानं बंदी घातली, १९९४ साली देशासाठी कायदा झाला. तरीही आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ झाल्या. ज्यांना निदान नकोशी हे नाव तरी मिळालं त्या जन्माला आल्या होत्या. बाकीच्या हजेरीपटावर आल्याच नाहीत.

आता माझी गोष्ट सांगतो. समारंभाला चार-एक वर्षं झाली असतील. मी कॉलेजात प्रथम वर्षाच्या वर्गावर नवीन हजेरीपट घेऊन गेलो. जून-जुलैचे दिवस, वर्ग गच्च भरलेला, मुलं एकमेकांना अनोळखी. मी घाईघाईनं नावं वाचीत होतो. एका नावाशी आलो आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, “नकुसा...” पुढं वडलांचं नाव, आडनाव. मागच्या बाकांवरून हसू आलं. ‘हजर’ कुणी म्हणालं नाही. मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा! पुन्हा हसू. मग मी गैरहजेरीची खूण केली आणि पुढं गेलो.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. म्हणाली, “सर, मी हजर होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“ते माझं नाव नाही, सर. माझं नाव बदललंय. दहावीच्या अर्जात चुकून जुनंच गेलं आणि मग सगळीकडं तेच आलं.” असं म्हणून तिनं पुस्तकातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेलं, पिवळं पडलेलं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. साताऱ्याच्या समारंभाचं. श्रोते हो, तेच कात्रण माझ्या वहीत होतं!

मी ते पाहिलं आणि विचारलं, “यात तुझं नाव कुठं आहे?”

ती म्हणाली, “नाव नाही, सर. आकडा आहे. दोनशे पंच्याऐंशीमध्ये मी आहे.”

मला काय बोलावं सुचेना. मी ती बातमी वाचली होती, कापली होती, खळ लावून चिकटवली होती, वर्गात उदाहरण म्हणून सांगितलीही होती. पण त्या आकड्यातली एक मुलगी समोरच्या बाकावर बसलेली असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या लेखी ती बातमी संपली होती. तिच्या लेखी ती अजून चालू होती. एका समारंभात मिळालेलं नाव चार वर्षं ती एकेका कागदावर, एकेका टेबलावर मिळवीत होती. आणि मी, तिचा शिक्षक, ते जुनं नाव भर वर्गात दोनदा वाचून बसलो होतो.

त्या दिवशी मी हजेरीपटावर शाईनं दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी तिचं नवं नाव वाचलं. ‘हजर’ असं स्पष्ट उत्तर आलं. कागदपत्रांतली दुरुस्ती व्हायला मात्र त्यानंतरही बरेच महिने लागले. अर्ज लिहिले, दाखले जोडले, खेटे घातले. शेवटी झाली. ते नाव काय, हे मी इथं सांगणार नाही. ते तिचं आहे. तिनं स्वतः निवडलेलं आहे.

त्या दिवसापासून मी वहीत एक नेम केला. कात्रण चिकटवलं की त्याच्या खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहायची, ‘ज्याची बातमी झाली नाही ते’. मुलींची नावं बदलली, त्याखाली ‘ही नावं ठेवली तेव्हा बारशाला कितीजण हजर होते?’ आजी शाळेत गेली, त्याखाली ‘सहाव्या वर्षी का गेली नाही?’ भोंगा वाजला, त्याखाली ‘भोंगा नसताना काय चालतं?’ ही ओळ लिहिताना कधी कधी पेन थांबतं, कारण उत्तरात आपण स्वतः येतो.

आपल्याकडं ही दृष्टी नवी नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ पत्र सुरू केलं आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षं चालवलं. शेतकऱ्याला सावकार कसा नाडतो, लग्नापायी घर कर्जात कसं बुडतं, हे रोजचं, अंगवळणी पडलेलं दुःख. त्या पत्रानं त्यालाच बातमी मानलं. शहरातला बातमीदार गावात येतो तो नवल पाहायला. गावात राहणाऱ्याला नवलाच्या मागचे सगळे दिवस ठाऊक असतात. तेव्हा ही ओळ लिहिण्याचा अधिकार तुमचा आहे, माझ्यापेक्षा अधिक तुमचा.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत भिंतीवर फळा असतो, त्यावर रोज सुविचार लिहिला जातो. आठवड्यातून एक दिवस सुविचाराऐवजी गावची एक बातमी लिहू द्या. मुलांनीच आणायची. आणि तिच्याखाली दुसरी ओळ, तीही मुलांनीच शोधायची. पहिल्या आठवड्यात म्हैस येईल, दुसऱ्यात साप येईल. येऊ द्या. हळूहळू मुलं विचारू लागतील, की विहिरीला कठडा का नव्हता? मग समजा, की मूल वाचायला शिकलं.

आणि श्रोते हो, उद्या सकाळी वर्तमानपत्र आलं, कुणीतरी कोपऱ्यातली बातमी वाचून दाखवली, की तुम्ही जरूर हसा. ‘काय एकेक लोक असतात’ असंही म्हणा. फक्त म्हणून झाल्यावर थोडं थांबा आणि आपल्या शेजारच्या बाकावर कोण बसलं आहे ते एकदा पाहा. त्या आकड्यात ते असतील. कदाचित आपणही असू.